उशींतील शास्त्र
ब्रह्मदेशांतील संकटकाळाचा एक पाठ

शास्त्रभाग : फिलिप्पै. १:१२–२६, २ करिंथ. ४:७–१२.

वरील दोन्ही भाग आधीं घरीं सावकाश वाचावे आणि मग पुढील हकीकत ध्यानीं घ्यावी. पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस पत्र लिहिलें तें बंदिवासांतून. तें आपण इतक्या वेळां ऐकलें आहे कीं त्या साखळीचें वजन आपणांस जाणवेनासें झालें आहे. म्हणून आज दुसऱ्या एका बेडीकडे पाहूं.

सन १८१२ च्या फेब्रुवारीच्या ६ तारखेस अमेरिकेंतील सेलम गांवीं पांच तरुणांस मिशनरी सेवेची दीक्षा मिळाली. त्यांतील हॉल व नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस पोंचले व मराठी मुलखांतील अमेरिकन मिशनाचा पाया घातला गेला. तिसरे अदोनीराम जडसन. ते आपली पत्नी अ‍ॅनबाई हिच्यासह कलकत्त्यास उतरले. (तेथें बाप्तिस्म्याविषयीं त्यांचें मत पालटलें, तो वाद आजच्या पाठाचा नव्हे.) कंपनी सरकारास मिशनरी नको होते; निघून जाण्याचा हुकूम झाला. मॉरिशस व मद्रास असें भटकत उभयतां १३ जुलै १८१३ रोजीं रंगूनला लागलीं. म्हणजे आपल्या मंडळ्यांचें व ब्रह्मी मंडळीचें बीं एकाच कणगींतलें.

पहिला बाप्तिस्मा होण्यास सहा वर्षें लागलीं. जडसन साहेबांनीं ब्रह्मी भाषा मुळापासून शिकून घेतली आणि १८१९ सालीं पगोड्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्या देशच्या रीतीची एक धर्मशाळा बांधली. तेथें ते भुईवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशीं बोलत. खुर्ची-मेज मांडून बोलावणें पाठविलें असतें तर कोणी आलें असतें असें वाटत नाहीं. त्याच वर्षीं २७ जून रोजीं मौंग नाव नांवाच्या मजुरानें बाप्तिस्मा घेतला.

मग १८२४ सालीं इंग्रजांचें व ब्रह्मदेशच्या राजाचें युद्ध जुंपलें. जडसन साहेब तेव्हां राजधानी आवा येथें होते. ते अमेरिकन खरे, पण तेथील लोकांच्या दृष्टीनें गोरा तितका इंग्रज. शिवाय त्यांचा पैसा एका इंग्रज व्यापाऱ्याच्या हातून येत असे. व्यापाऱ्याच्या वह्यांत त्यांच्या नांवावर रकमा सांपडल्या आणि हे हेर आहेत असा दरबारचा ग्रह झाला. अधिकारी क्रूर होते, पण त्यांचा संशय अगदींच वेडगळ म्हणतां येत नाहीं. सेवकाचा पैसा कोणाच्या हातून येतो हें गांव पाहत असतें. उपदेशकांनीं हें विसरूं नये.

८ जून १८२४ रोजीं त्यांस दोरीनें बांधून मृत्यूच्या तुरुंगांत नेलें. पायांत बेड्यांचे तीन जोड घातले. रात्रीं बेड्यांमधून बांबू ओवून तो वर चढवीत. मग कैद्याचे खांदे तेवढे भुईस टेकत. सरकारांतून अन्न नाहीं, घरच्यांनीं आणावें. अ‍ॅनबाई गर्भार असतांहि अधिकाऱ्यांच्या घरोघरीं नजराणे घेऊन विनवण्या करीत फिरल्या. १८२५ च्या जानेवारींत त्यांस मुलगी झाली. वीस दिवसांच्या त्या लेकराला घेऊन त्या तुरुंगाच्या दाराशीं गेल्या.

नव्या कराराचें ब्रह्मी भाषांतर १८२३ सालीं पुरें झालें होतें. झडतीच्या भयानें अ‍ॅनबाईंनीं त्याचें हस्तलिखित घराखालीं पुरलें. पण पावसाळ्यांत तें कुजेल म्हणून काढून कापसांत गुंडाळून उशींत शिवलें. ती उशी मुद्दाम इतकी टणक केली कीं तुरुंगाधिकाऱ्यालाहि तिचा लोभ होऊं नये. तीच जडसन साहेबांच्या डोक्याखालीं असे.

मे महिन्यांत कैद्यांस अनवाणी औंगबिन्ले येथें हांकलत नेलें. तापलेल्या वाळूनें जडसन साहेबांचे तळवे सोलून निघाले. त्या इंग्रज व्यापाऱ्याचा बंगाली नोकर वाटेंत भेटला. त्यानें डोकीचें पागोटें फाडून अर्धें धन्याला व अर्धें जडसन साहेबांना पायांस गुंडाळावयास दिलें. पुढें अ‍ॅनबाई आजारी पडून दूध आटलें, तेव्हां बेड्या घातलेला बाप लेकराला कडेवर घेऊन गांवांत फिरे आणि ब्रह्मी आया त्याला पाजीत. त्यांच्या घरचा स्वयंपाकी दुसरा एक बंगाली हिंदु होता. जातीचा विचार बाजूस सारून त्यानें लांकडें, पाणी व जेवण वाहून सर्वांस जगविलें. पाठ शिकविणाऱ्यानें येथें थांबून वर्गास विचारावें : या दिवसांत कोण कोणाची सेवा करीत होतें? उत्तर घाईनें देऊं देऊं नये.

उशीचें काय झालें? कैद्यांस हलवितांना पहारेकऱ्यांनीं तिचें वरचें आवरण काढून घेतलें व आंतला टणक गोळा टाकून दिला. मौंग इंग नांवाच्या ब्रह्मी शिष्यानें गुरूची आठवण म्हणून तो उचलून नेला. आंत काय आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. कित्येक महिन्यांनीं कापूस सोडला तेव्हां हस्तलिखित धडधाकट निघालें.

२४ फेब्रुवारी १८२६ रोजीं यांदाबोचा तह झाला. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला अ‍ॅनबाई वारल्या व सहा महिन्यांनीं लेकरूंहि गेलें. त्यानंतर जडसन साहेबांस घोर उदासीनतेनें ग्रासलें. ते रानांत झोंपडी करून एकटे राहिले. आपल्यासाठीं थडगें खणून त्याच्या कांठावर बसून राहत. हा भाग सांगतांना पुष्कळदां गाळतात. गाळूं नये, घरांत मृत्यु झालेल्या माणसाला तोच अधिक जवळचा वाटेल.

इकडे त्याच काळांत, १६ मे १८२८ रोजीं, तव्हाय येथें को था ब्यु नांवाच्या करेन माणसाचा बाप्तिस्मा झाला. हा पूर्वीं दरोडेखोर. कर्जापायीं गुलाम झालेला. एका ब्रह्मी बंधूनें त्याचें कर्ज फेडून त्यास सोडविलें होतें. १८४० सालीं मरेपर्यंत तो डोंगरांतील करेन गांवें हिंडत राहिला, आणि जेथें गोऱ्या मिशनऱ्याचें पाऊल पोंचलें नव्हतें तेथें मंडळ्या उभ्या राहिल्या.

जडसन साहेब झोंपडींतून परतले आणि पुन्हां भाषांतरास बसले. संपूर्ण बायबलाचें शेवटचें पान त्यांनीं ३१ जानेवारी १८३४ रोजीं हातावेगळें केलें. सुधारलेली आवृत्ति १८४० सालीं निघाली. ब्रह्मदेशांतील मंडळ्यांत तें भाषांतर अद्यापि वाचलें जातें.