पॅटन आणि ऊस

शस्त्रांची तुलना करताना मनुष्य प्रथम आकडे पाहतो. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानने पंजाबातील खेमकरण भागात अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे आणले. प्रत्येकाचे वजन सुमारे ४५ टन, तोफ ९० मिलिमीटरची! भारताच्या जुन्या शर्मन रणगाड्यांहून ते निःसंशय सरस होते. परंतु असल उत्तर गावाजवळ भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडले व उभ्या उसाआड आपले रणगाडे दडविले. अवजड पॅटन चिखलात रुतले. जीपवरील तोफेने रणगाडे फोडता फोडता हवालदार अब्दुल हमीद धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र लाभले. भूमीचे ज्ञान आणि योद्ध्याचे धैर्य यांचे मोजमाप कोणत्या कोष्टकात मांडावे?