होडीचा सांधा

मिरर ही शिडाची एक लहान होडी आहे. ती १९६३ साली इंग्लंडमध्ये लोकांसमोर आली. ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्रावरून तिला हे नाव मिळाले. तिची लांबी सुमारे ३.३ मीटर असते. घरच्या घरी कोणालाही बांधता यावी, अशी तिची रचना जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी केली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर रेझिन लावून काचतंतूंची पट्टी चिकटवायची, अशी ही सोपी पद्धत होती.

होडी जुनी झाली, की तिचे सांधे सुटू लागतात. मिररमध्ये हवेच्या बंद पेट्या असतात. होडी उलटली, तरी या पेट्यांमुळे ती तरंगत राहते आणि पाण्यात पडलेल्या माणसांना तिचा आधार मिळतो. पेटीचा सांधा फुटला, तर आत पाणी शिरते आणि हा आधार जातो. म्हणून सांधा कशाने जोडावा, याचा नीट विचार करावा लागतो.

घरातील खुर्ची आपण पांढऱ्या गोंदाने जोडतो. कोरड्या जागी तो मजबूत असतो. पण साधा पांढरा गोंद पाण्यात मऊ पडतो. त्यामुळे तो होडीच्या कामाचा नाही. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते. फायबरच्या पुष्कळ होड्या त्याच्याच बनवतात. मात्र लाकडाला ते तितके घट्ट धरत नाही. लाकडी होडीच्या दुरुस्तीसाठी इपॉक्सी चांगले. ते लाकडाला घट्ट चिकटते आणि पाण्यातही टिकते.

इपॉक्सीचे दोन भाग असतात : रेझिन आणि हार्डनर. ते एकत्र केले, की रासायनिक क्रिया होऊन मिश्रण कठीण बनते. डब्यावर दिलेले प्रमाण काटेकोरपणे पाळावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घातले, तर सांधा कच्चा राहतो. या क्रियेत उष्णताही निर्माण होते. म्हणून एका वेळी थोडेच मिश्रण करावे व ते पसरट भांड्यात ठेवावे.

फट मोठी असेल, तर नुसते इपॉक्सी वाहून जाते. अशा वेळी त्यात पूड मिसळून ते श्रीखंडासारखे घट्ट करतात. पूडही जागा पाहून निवडावी. जेथे जोर पडतो, तेथे सिलिकाची पूड किंवा लाकडाचे बारीक पीठ घालावे. वरवरचे खड्डे भरण्यासाठी काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पूड वापरतात. ती हलकी असते व घासायला सोपी जाते. पण तिच्यात ताकद कमी असते. म्हणून ती सांध्यात भरू नये. मोटारीच्या पत्र्याला लावतात ती लांबी पाणी शोषते. ती होडीच्या तळाला लावू नये.

चांगले इपॉक्सीसुद्धा ओल्या किंवा रंग लावलेल्या लाकडाला नीट धरत नाही. आधी जुना रंग खरवडून लाकूड पूर्ण वाळवावे. मग पातळ इपॉक्सीचा हात द्यावा आणि त्यावर घट्ट मिश्रण भरावे. शिकंजा फार आवळू नये. नाहीतर सगळे मिश्रण बाहेर निघून जाते. हे काम करताना हातमोजे घालावेत. घासताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.

सांधा कठीण झाल्यावर पेटीत हळूच हवा फुंकावी आणि सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. सायकलच्या ट्यूबप्रमाणे बुडबुडे आले, तर सांधा पुन्हा भरावा. बुडबुडे आले नाहीत, तर सांधा पक्का समजावा. मगच त्यावर रंग द्यावा, कारण उन्हाने इपॉक्सी खराब होते.

शब्दार्थ
शीड – वाऱ्याने होडी चालावी म्हणून लावलेले कापड
सांधा – दोन भाग जोडलेली जागा
शिकंजा – वस्तू दाबून धरण्याचे साधन

स्वाध्याय
१. पेटीचा सांधा फुटला, तर काय होते?
२. काचगोळ्यांची पूड सांध्यात का भरू नये?
३. ‘लांबी’ या शब्दाचे पाठातील दोन अर्थ सांगा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.