देहाविषयीचा न्यूनगंड आणि स्वावलंबन

मोशी परिसरातील आपल्या कित्येक भगिनी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबतात, मुली महाविद्यालयात शिकतात. दिवसभराच्या श्रमानंतर हातात मोबाईल येतो. इन्स्टाग्रामवर फिल्टरने उजळलेले, सडपातळ चेहरे दिसतात आणि नकळत तुलना सुरू होते. 'मी काळी', 'मी जाड' हा न्यूनगंड मनात घर करतो. हा प्रश्न क्षुल्लक नाही, असे आम्हांस वाटते. त्यापायी जेवण टाळले जाते. डॉक्टरांना न विचारता लावलेल्या स्टिरॉइडयुक्त मलमांनी त्वचा पातळ होते.

दोष एकट्या मोबाईलचा नाही. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. तिच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला तो २०२० साली. आपल्या समाजाचा अनुभव तर याहून जुना आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महिलांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगड्याची नेसण व दागिने सोडून देण्यास सांगितले. यातून आम्ही एवढाच बोध घेतो की, आपल्या देहाचे मोल इतरांनी ठरवू नये.

आज यासाठी घरबसल्या करता येण्याजोगे उपाय उपलब्ध आहेत. नेदरलँड्समधील संशोधिका जेसिका अलेवा व सहकाऱ्यांनी तरुण स्त्रियांना इंटरनेटवरून तीन लेखन-पाठ दिले. विषय होता, 'माझे शरीर काय काय करू शकते?' २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या स्त्रियांचे स्वतःच्या देहाविषयीचे समाधान वाढलेले आढळले.

विद्यार्थिनींनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात :

१. जी खाती पाहून मन खट्टू होते, ती बंद करावीत.

२. आठवड्यातून काही वेळा पंधरा मिनिटे वहीत लिहावे : या हातांनी, पायांनी, डोळ्यांनी आज काय केले?

३. दुःखी मैत्रिणीला जसे पत्र लिहू, तसेच मायेचे पत्र स्वतःला लिहावे.

४. घरातील मोठ्यांनी मुलीच्या रंगावरून, अंगकाठीवरून बोलणे थांबवावे.

मात्र स्वावलंबनालाही मर्यादा असते. जेवण सुटले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर वही पुरत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. मदत मागण्यात कमीपणा नाही. यंत्रावर आठ तास उभे राहून घर चालविणारा देह कुरूप कसा म्हणावा, याचा विचार प्रत्येक भगिनीने करावा, ही विनंती.