लॅपटॉपवर खुशाल, फोनवर जपून

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, आणि धुळ्यातले ओळखीचे लोक जुने लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येऊ लागले. ४ जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली की कॉलेजच्या पोरांचं काम छान निघतं. कंपनीनं हात वर केलेलं यंत्र अनोळखी लोकांच्या मेहनतीवर पुन्हा चालू होतं, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

जळगावच्या माझ्या भाच्यानं तोच उत्साह दाजींच्या फोनवर दाखवला. लिनेजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत सिस्टीम टाकायची तर आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो आणि तो करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. स्क्रीनवर तशी सूचना येते. पोरानं घाईत पुढचं बटण दाबलं. भाचीच्या लग्नाचे फोटो गेले, व्यापाऱ्याशी झालेला कापसाचा हिशोबही गेला. नवी सिस्टीम चालली सुरेख, पण बँकेचं ॲप काही उघडेना. बूटलोडर उघडा दिसला की बरीच बँक ॲप चालत नाहीत. ऐन कापूसविक्रीत दाजी पासबुक घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहिले.

म्हणून घरात व्यवहाराचा एकच फोन असेल, तर त्याला हात लावू नका. पडून असलेला दुसरा फोन घ्या. त्याचं नुसतं नाव पाहू नका, नेमका मॉडेल कोड जुळवा. एकाच नावाच्या दोन फोनांत आतली चिप वेगळी असू शकते. आणि लिनेजओएस टाकल्यावर बूटलोडर परत लॉक करायला जाऊ नका, बहुतेक फोन त्यानं बंदच पडतात.

लॅपटॉपचं बरं असतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स आधी नुसतं चालवून पाहता येतं, तोवर हार्डडिस्क जशीच्या तशी राहते. वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं तपासा. वायफाय मिळालं नाही तर फोन यूएसबीनं जोडून नेट घ्या. जुन्या ॲटम प्रोसेसरच्या छोट्या लॅपटॉपला मात्र ३२ बिटची आवृत्ती लागू शकते. डेबियन या लिनक्सनं १३व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२५पासून, तिचा इन्स्टॉलर देणं बंद केलं आहे. आणि इन्स्टॉल करताना चार्जर लावलेला हवाच, पण बॅटरीही भरलेली असू द्या. आपल्याकडे वीज कधी जाईल, नेम नाही.

कोर्टाजवळ टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या मित्राला मी लिनक्स नको म्हणालो. त्याची वर्षानुवर्षांची कागदपत्रं श्रीलिपी या विंडोजवरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात आहेत. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतील, ते काम आम्ही सुरू केलंय.