बंब, पाणी आणि माणूस : लहान शहराच्या अग्निशमन दलाची वार्षिक आखणी

फेब्रुवारीअखेर नगरपरिषदेचे अंदाजपत्रक सभेपुढे येते आणि पाठोपाठ मार्च उजाडतो. अग्निशमन दलाचे खरे वर्ष येथूनच सुरू होते. शेतात उसाचे पाचट पसरलेले असते, वैरणीच्या गंजी रचलेल्या असतात, जिनिंगच्या आवारात कापसाचा साठा असतो आणि विजेच्या तारांवरील भारही वाढलेला असतो. नेमक्या याच दिवसांत विहिरी व तळी तळ गाठतात. म्हणून आगामी वर्षाची आखणी करताना ‘बंब किती’ या प्रश्नाआधी ‘पाणी कोठे’ हा प्रश्न विचारात घेणे अगत्याचे आहे.

साधा हिशेब पाहू. मध्यम आकाराच्या बंबाच्या टाकीत सुमारे 4,500 लिटर पाणी मावते. एका चांगल्या फवाऱ्याला मिनिटाला 450 लिटर पाणी लागते असे धरले, तर दहा मिनिटांत टाकी रिकामी होते. दोन फवारे सुरू केल्यास पाच मिनिटांत. पाणी भरण्याचे ठिकाण चार किलोमीटरवर असेल, तर जाणे, भरणे व परतणे यात अर्धा तास सहज जातो. तेवढ्या वेळात विझत आलेली गंजी पुन्हा पेट घेते. गावकरी अशा वेळी ‘बंब आला, पण पाणी संपले’ असे म्हणतात. त्यात दलाला दोष देणे सोपे असले, तरी चूक बहुधा वर्षभरापूर्वीच्या आखणीत असते.

नगरपरिषदांविषयीच्या 1965 च्या अधिनियमानुसार आग विझवणे व त्या वेळी जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवेचा समावेश आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत मात्र तो नाही. परिणामी, खेड्यात आग लागली की दूरध्वनी तालुक्याच्या बंबालाच जातो. बंब हद्दीबाहेर जातोही, आणि तेवढा वेळ शहर उघडे राहते. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषानुसार ग्रामीण भागात मदत 20 मिनिटांत पोचावी; तालुक्याचा विस्तार व रस्ते पाहता एकाच केंद्राकडून ही अपेक्षा पुरी होणे कठीण.

वाहनांचा प्रश्नही आता टाळता येणार नाही. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले असून, हा नियम स्थानिक संस्थांच्या वाहनांनाही लागू आहे. बंब फारसा धावत नसल्याने त्याचे इंजिन धडधाकट असते. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्याचे आयुष्य संपलेले असते. नवा बंब मागणीनंतर बांधून येण्यास वेळ लागतो. त्यामुळे जुन्याची मुदत संपण्याच्या आदल्या वर्षीच तरतूद हवी. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी 5,000 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. मात्र बंब मिळाला म्हणजे दल उभे राहिले असे नव्हे. एका बंबावर सहा माणसे धरली, तरी तीन पाळ्यांना अठरा लागतात. साप्ताहिक सुट्टी, रजा व आजारपण धरल्यास आणखी चार-पाच. वाहन खरेदीचा ठराव एकमताने होतो, माणसांचा प्रस्ताव मागे राहतो, हा नेहमीचा अनुभव आहे.

9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत दहा अर्भकांचा मृत्यू झाला. अशा ठिकाणी काही मिनिटांच्या धुरानेच घात होतो. बंब कितीही जवळ असला तरी तो वेळ भरून निघत नाही. या कारणास्तव तपासणीचे काम विझवण्याइतकेच मोठे आहे. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक अधिनियमाने इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर टाकली असून, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत सादर करावयाचे असते. या दोन महिन्यांनंतर, प्रमाणपत्र न दिलेल्या रुग्णालये, शिकवण्या, मंगल कार्यालये व गुदामांची यादी काढून तेथे प्रत्यक्ष जाणे, हा वार्षिक कार्यक्रमाचा पहिला भाग असावा.

शिक्षकांनी येथे कुंभकोणमची आठवण ठेवावी. 16 जुलै 2004 रोजी तेथील शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग पसरून 94 मुले दगावली. आपल्या शाळांतही पोषण आहार शिजतो. गॅसची टाकी वर्गांपासून दूर आहे काय, मागचे दार उघडे असते काय, हे मुख्याध्यापकांना आजच पाहता येईल. 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदी स्फोटात प्राणार्पण केलेल्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा सप्ताह पाळला जातो. पण तेव्हा शाळा परीक्षांत गुंतलेल्या असतात. त्यांच्यासाठी प्रात्यक्षिके जूनअखेर ठेवणे बरे.

ग्रामपंचायतीच्या वाट्याचे काम तर फारच थोड्या खर्चाचे आहे. नळयोजनेच्या टाकीच्या निर्गम नळाला बंबाची 63 मिलिमीटरची होज लागेल अशी एक जोडणी व झडप बसवून घ्यावी. टाकीपर्यंत जड वाहन जाईल एवढा रस्ता मोकळा ठेवावा, झडपेची किल्ली पाणीपुरवठा कर्मचाऱ्याबरोबर आणखी एका घरी असावी. विकास आराखड्यात हे काम घेऊन मार्चपूर्वी ते पुरे करावे आणि तालुक्याच्या केंद्राला टाकीची जागा व दोन दूरध्वनी क्रमांक लेखी कळवावेत.