दाढ गेली, कळ राहिली

पहिली कळ आली ती दात घासताना. उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी, आणि चार-पाच सेकंदांत गेलीही. मग आर्वीच्या थंडीत पहाटवारा गालाला लागला, भाकरीचा घास चावला की पुन्हा तीच. दुखणं जबड्यात, म्हणजे दाढच किडली असणार, असं घरात सगळ्यांनी धरलं. मीही. एक दाढ काढली, महिन्याभराने शेजारची. दोन्ही चांगल्या होत्या, हे मागाहून कळलं.

वर्षभराने वर्ध्याच्या एका डॉक्टरांनी दातांचं काहीच विचारलं नाही. कळ किती वेळ टिकते, कशाने उठते, मधल्या वेळात काही दुखतं का, एवढंच. मग कापसाचा बोळा दोन्ही गालांवरून फिरवला. उजवीकडे तो मला कमी जाणवला आणि त्यांचा चेहरा बदलला. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या नसेचं हे दुखणं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. बहुतेकांमध्ये एखादी रक्तवाहिनी त्या नसेच्या मुळावर दाब देते. पण गाल बधिर असेल तर दुसरं कारण शोधावं लागतं.

माझा सीटी स्कॅन आधीच झाला होता आणि त्यात काही निघालं नव्हतं. तो रिपोर्ट दाखवून मीच सगळ्यांना सांगत होते, डोक्यात काही नाही. पण डॉक्टरांनी करायला लावलेल्या एमआरआयमध्ये नसेला खेटून गाठ दिसली, एपिडर्मॉइड सिस्ट. बाळ पोटात असतानाच त्वचेच्या पेशी आत अडकतात आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढतात. ही कर्करोगाची गाठ नव्हे. सीटीत ती मेंदूभोवतीच्या पाण्यासारखी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. एमआरआयच्या 'डिफ्यूजन' चित्रात पांढरीशुभ्र उठते. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. नसेला चिकटलेलं थोडं आवरण डॉक्टरांनी मुद्दाम सोडलं, त्यामुळे अधूनमधून एमआरआय करावा लागतो.

या कळांवरच्या कार्बामाझेपिन गोळीने मला शस्त्रक्रियेआधीही आराम पडायचा. गाठ असली तरी पडतो, म्हणून तेवढ्यावर तपास थांबवू नका. ही गोळी मनाने घेऊ नका, मनाने बंदही करू नका. मात्र अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

अशी कळ येत असेल तर दाढ काढण्याआधी दंतवैद्यांना एक्स-रेत कीड कुठे दिसते ते दाखवायला सांगा. वय चाळिशीच्या आत असेल, गाल बधिर वाटत असेल किंवा त्याच बाजूच्या कानाने कमी ऐकू येत असेल, तर वर्धा-नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा आणि एमआरआयबद्दल स्वतःहून विचारा.