वय नाही, सीसी विचारतात! (बाईकच्या विम्याचं गणित)

फर्स्ट इयरच्या सुट्टीत रेणापूरला घरी गेलो आणि अण्णांच्या मागे लागून लागून एकदाची बाईक घेतली. १५५ सीसी, पुढे वाकून चालवायची, अंगावर प्लॅस्टिकचं फेअरिंग. आमच्या गल्लीत तिला सरळ 'स्पोर्ट्स' म्हणतात. शोरूममध्ये कोटेशन हातात पडलं तेव्हा एकच धास्ती होती, विमा. इंग्लंडमध्ये विशीच्या आतल्या पोरानं स्पोर्ट्स कार घेतली तर विम्याचा हप्ता ऐकूनच तो बसनं जायला लागतो, असं वाचलं होतं. म्हणून गावातल्या विमा एजंट काकांना भीत भीत विचारलं,

"काका, माझं वय एकोणीस. हप्ता डबल बसंल का?"

"वय कोण विचारायलंय तुला? सीसी सांग," काका म्हणाले.

मी खूश! आपला देश तरुणांसाठी चांगला, असं वाटलं. हा आनंद चौदा महिने टिकला. चौदा महिन्यांनी काय झालं ते पुढे येईलच. पण त्यानंतर पॉलिसीचा कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला आणि जे कळलं ते तुमच्यासाठी लिहितोय. आपल्याकडे तरुण चालकाचं वय हप्त्यात धरत नाहीत. ते हिशोबात येतं, पण अपघात झाल्यावर.

तिकडे माणसाचा, इकडे गाडीचा

इंग्लंडमध्ये गाडी कोण चालवणार हे पॉलिसीत आधी लिहावं लागतं. त्याचं वय, लायसन्स किती जुनं, आधी अपघात किती, राहतो कुठे, सगळं विचारतात. गाड्यांचे १ ते ५० असे गट केलेले आहेत आणि स्पोर्ट्स कार वरच्या गटात बसतात. म्हणजे कोवळं वय आणि वरचा गट, दुहेरी मार. काही पोरं गाडीत एक छोटी पेटी बसवून घेतात. ती वेग, ब्रेक, रात्रीचं चालवणं याची नोंद ठेवते आणि नीट चालवलं तर हप्ता कमी होतो. पूर्वी मुलींना मुलांपेक्षा कमी हप्ता असायचा. युरोपच्या न्यायालयाने २०११ मध्ये हा भेद चुकीचा ठरवला आणि डिसेंबर २०१२ पासून तो बंद झाला.

आपल्याकडे पॉलिसी गाडीला चिकटते. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेला कोणीही चालवू शकतो. मग एकाच गाडीवर सकाळी वडील, दुपारी मोठा भाऊ आणि संध्याकाळी आपण! वय धरायचं तरी कुणाचं? म्हणून हिशोब गाडीवरच होतो. २०२२ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 'जेवढं चालवाल तेवढे भरा' आणि 'जसं चालवाल तसे भरा' अशा सोयींना परवानगी दिली, पण त्या फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला आहेत.

हप्त्याचे दोन भाग

पहिला भाग थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे हा सक्तीचा. याचे दर सरकार ठरवते, कंपनी कोणतीही असो. १ जून २०२२ पासून लागू झालेले दुचाकीचे वार्षिक दर असे:

७५ सीसीपर्यंत – ५३८ रु.
७५ ते १५० सीसी – ७१४ रु.
१५० ते ३५० सीसी – १,३६६ रु.
३५० सीसीच्या वर – २,८०४ रु.

आता गंमत बघा. यामाहा आर-१५ पहिल्यांदा २००८ मध्ये आली तेव्हा १४९.८ सीसी होती. २०१८ च्या मॉडेलपासून ती १५५ सीसी झाली. वाढले जेमतेम पाच सीसी, पण या दरपत्रकात वर्षाला ६५२ रुपयांचा फरक. ३४९ सीसीची बुलेट १,३६६ मध्ये बसते आणि ३७३ सीसीची जुनी ड्यूक ३९० थेट २,८०४ मध्ये. इथे हॉर्सपॉवर, टॉप स्पीड कोणी विचारत नाही.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. हा ऐच्छिक. तो आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर बसतो. नव्या गाडीला शोरूम किमतीतून ५ टक्के वजा, एक वर्ष उलटल्यावर २० टक्के, पाचव्या वर्षी ५० टक्के. जुन्या टॅरिफप्रमाणे पुणे, मुंबईसह आठ मोठी शहरं 'अ' झोनमध्ये आणि बाकी सगळा देश 'ब' झोनमध्ये. आपलं लातूर, नांदेड, रेणापूर 'ब' झोनमध्ये, म्हणजे थोडं स्वस्त. १ जानेवारी २००७ पासून हे दर कंपन्यांना मोकळे झाले, त्यामुळे आज टॅरिफवर प्रत्येक कंपनी वेगळी सवलत देते. घासाघीस करायची ती या भागात!

सचिनच्या फेरारीला किती?

स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला सचिनची फेरारी आठवते. ३६० मोडेना, ३.६ लिटरचं इंजिन. तिच्या कस्टम ड्युटीवरून २००३ मध्ये केवढा गदारोळ झाला होता! कारच्या थर्ड पार्टीत १५०० सीसीच्या वर एकच दर आहे, २०२२ च्या दरपत्रकात ७,८९७ रु. म्हणजे अशी फेरारी असो नाहीतर आपल्या आमदाराच्या ताफ्यातली स्कॉर्पिओ असो, थर्ड पार्टी सारखीच. फरक ओन डॅमेजमध्ये पडतो. समजा आयडीव्ही एक कोटी धरली तर मुंबईत जुन्या टॅरिफच्या ३.४४७ टक्क्याने ३,४४,७०० रुपये. एका वर्षाचे! पण ते गाडी महाग म्हणून. एकोणीस वर्षांचा पोरगा चालवो की साठ वर्षांचे आजोबा, आकडा तोच.

माझं बिल आणि माझी चूक

आता माझी बाईक. शोरूम किंमत १,८०,००० धरू. आयडीव्ही १,७१,०००. 'ब' झोनचा टॅरिफ दर १.७६० टक्के, म्हणजे ओन डॅमेज ३,०१० रु. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. आपल्या गटाला ती ७,३६५ रु. बेरीज १०,३७५. वर मालकाचा अपघात विमा आणि जीएसटी वेगळा.

शोरूममधला माणूस म्हणाला, "पाच वर्षं बघायचं काम नाही." मीही बघितलं नाही. पाच वर्षं फक्त थर्ड पार्टी होती, ओन डॅमेज एकच वर्ष! कागदावर दोन तारखा स्पष्ट छापलेल्या होत्या. वाचतो कोण?

चौदाव्या महिन्यात, गाळपाचा हंगाम चालू होता. संध्याकाळी लातूरहून रेणापूरला येताना ट्रॉलीतून रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घसरलं. मी आणि मागे बसलेला मित्र, दोघांचेही कोपर-गुडघे सोलले, बाकी देवीची कृपा. गाडीचं फेअरिंग, हेडलाइट, हँडल गेलं. बिल २२ हजार. क्लेम करायला गेलो तेव्हा कळलं की ओन डॅमेज दोन महिन्यांपूर्वीच संपलंय. अण्णा काही बोलले नाहीत. पाच क्विंटल सोयाबीन मोंढ्यावर घातलं आणि पैसे माझ्या हातावर ठेवले. बोलले असते तर बरं झालं असतं.

नूतनीकरण केलं असतं तर किती लागले असते? आयडीव्ही १,४४,०००, तिचे १.७६० टक्के म्हणजे २,५३४, त्यातून नो क्लेम बोनसचे २० टक्के वजा, म्हणजे २,०२८ रुपये. अजून एक गोष्ट. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि स्पोर्ट्स बाईक म्हणजे अर्धी प्लॅस्टिकच! म्हणून फेअरिंगवाल्यांनी 'झिरो डेप्रिसिएशन' हे जोड संरक्षण पहिली काही वर्षं तरी घ्यावं.

वय कुठे मोजलं जातं?

त्या रात्री झोप आली नाही. २२ हजारांसाठी नाही, तर त्या अपघातात आणखी काय काय होऊ शकलं असतं याचा हिशोब मनात चालू झाला म्हणून. बघा, यातलं तुम्हाला काय काय लागू पडतं.

१) गाडी वडिलांच्या नावावर. पॉलिसीत १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण तो 'मालक-चालक' असेल त्यालाच. आरसीवर नाव अण्णांचं, चालवणारा मी. मला काही झालं असतं तर ते १५ लाख मिळाले नसते. आपल्यापैकी निम्म्या जणांच्या आरसीवर वडिलांचं किंवा काकांचं नाव असेल.

२) डबल सीट. नुसती थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. पूर्ण, म्हणजे पॅकेज पॉलिसीत मात्र तो धरला जातो, हे नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केलं. माझं ओन डॅमेज संपलं म्हणजे उरली फक्त थर्ड पार्टी. मित्राचा पाय मोडला असता तर?

३) लायसन्स. अठरा पूर्ण झाल्याशिवाय गिअरच्या गाडीचं लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतचं. अकरावी-बारावीला क्लाससाठी लातूरला येणारे आपले धाकटे भाऊ काय चालवतात, ते आपल्याला माहीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नसलं, तर न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यातल्या निकालापासून हे पक्कं झालं.

४) हॉस्टेलची गाडी. सिनियर पास आउट होताना ज्युनियरला गाडी विकतो, आरसी तशीच. आरसीवर ज्याचं नाव, तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. म्हणजे पुण्यात नोकरीला लागलेल्या सिनियरला लातूरच्या कोर्टाची नोटीस. आणि गाडीचं नुकसान झालं तर पॉलिसी नावावर नसलेल्या ज्युनियरलाही हात चोळत बसावं लागतं. विक्रीनंतर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं.

५) रेस आणि बदल. रेस, वेगाची चाचणी यासाठीचा वापर पॉलिसीतून बाहेर आहे. कंपनीला न सांगता केलेले बदलही क्लेमच्या वेळी आडवे येतात.

१,३६६ विरुद्ध २४ लाख

आता सगळ्यात मोठं गणित. समजा विमा नसलेल्या बाईकची धडक बसून ३५ वर्षांचा एक मजूर दगावला. महिना कमाई १२ हजार, घरात बायको, दोन लेकरं, म्हातारी आई. न्यायालयं २००९ आणि २०१७ च्या निकालांतलं सूत्र वापरतात:

वार्षिक उत्पन्न – १,४४,०००
भविष्यातील वाढ ४० टक्के धरून – २,०१,६००
स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा – १,५१,२००
३५ व्या वर्षाचा गुणक १६ – १,५१,२०० × १६ = २४,१९,२००

अंत्यविधी वगैरे बाबी वेगळ्या, व्याज वेगळं. विमा असेल तर हे कंपनी भरते. जीवितहानीच्या भरपाईला थर्ड पार्टीत मर्यादा नाही. विमा नसेल तर मालक भरतो. आणि भरला नाही तर? कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याला दाखला देतं आणि ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. जमीन महसूल म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. आरसीवर नाव अण्णांचं आणि सातबाऱ्यावरही अण्णांचंच.

आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला बिनविम्याच्या पोराकडून २४ लाख मिळायला किती वर्षं लागतील? थर्ड पार्टी विमा खरा त्या घरासाठी आहे. पोलिसाला दाखवायला नाही.

एवढं करा

– आजच पॉलिसी काढा आणि त्यावरच्या दोन्ही तारखा मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका.
– नूतनीकरणाला ९० दिवसांपेक्षा उशीर केला तर नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि तो गाडीचा नसून माणसाचा असतो, नव्या गाडीवर नेता येतो.
– अठरा पूर्ण आणि लायसन्स असेल तर गाडी स्वतःच्या नावावर घ्या. वडिलांच्या नावावरच ठेवायची तर स्वतःचा वेगळा अपघात विमा काढा. निदान बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरा, वर्षाला २० रुपये, दोन लाखांचं संरक्षण. कँटीनच्या दोन चहाचे पैसे.
– नवी गाडी घेताना सीसीच्या सीमा बघा, १५० आणि ३५०.
– आणि हेल्मेट. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. विम्याच्या पैशानं फेअरिंग नवं मिळतं, डोकं नाही.

गेल्या महिन्यात नूतनीकरणाला काकांकडे गेलो. त्यांनी सवयीने विचारलं, "सीसी किती रे?" मी सीसी सांगितली आणि पूर्ण पॉलिसी, झिरो डेप्रिसिएशन, दोन्ही तारखा बघून घेतल्या. मग आरसी माझ्या नावावर करायला काय काय कागद लागतात ते विचारलं. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता वय झालं रे तुझं."